नाना, दगडाला शेंदूर मी लावला

नाना,

इथल्या, ऑन्टारिओतल्या लंडनहून तुमच्या वैशालीचा फोन आला होता. म्हणाली, "शालनताई, मंडळाच्या अंकात बाबांवर लेख द्यायचाय. जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं मी लिहिते. दगडाचं मात्र तुम्हीच लिहा." मी म्हटलं, अगं, मी सातवीतून शाळा सोडलेली बाई, मला काय लेख जमतोय? तर म्हणाली, "मग बाबांना पत्र लिहा. तेवढं तर येईल?"

म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तेवढ्या दिवसांत मी दोनदा तुमच्या घरावरून गेले. दोन्ही वेळा ड्राइव्हवेत गाडी दिसली आणि दोन्ही वेळा पाय आपोआप तुमच्या दाराकडं वळले.

पहिली भेट आठवतीय का? मला कॅनडात येऊन तीन महिने झाले होते. नीलेश आणि सूनबाई सकाळच्या ट्रेननं टोरांटोला जायचे आणि मिल्टनच्या त्या नव्या घरात मी दिवसभर एकटी. बोलायला कुणी नाही. म्हणून जॅकेट चढवून सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या नव्या वसाहतीच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जायची. तिथं घरं संपतात, पलीकडं मोकळी शेतं. त्या दिवशी रस्त्याकडेच्या चरात एक माणूस बर्फात गुडघ्यावर बसलेला दिसला. अंगात केशरी जॅकेट, डोक्यावर टोपडं. मला वाटलं, कुणी गोरा म्हातारा घसरून पडला. मी घाबरले की तोंडातून मराठीच निघतं. "अगं बाई, पडला का काय ओ!" असं मी त्या अनोळखी माणसाला ओरडून विचारलं.

तुम्ही टोपडं मागं सारलंत आणि म्हणालात, "पडलो नाही, बसलोय. ओरडू नका, गुडघे आधीच घाबरलेत."

नाना, तीन महिन्यांत घराबाहेर ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. मला रडूच आलं. तुम्हाला वाटलं थंडीनं डोळ्यांतून पाणी येतंय. मी तसंच वाटू दिलं.

तुमच्यासमोर गुडघाभर उंचीचा करडा दगड होता. तुम्ही मऊ ब्रशनं त्याच्यावरचा बर्फ झाडत होता. मी म्हटलं, "शिवेचा दगड हाय होय?" तुमचा हात थांबला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? रस्त्याच्या कडंला एकटाच, दोन्ही अंगांना अक्षर, बूड खोल. शिवेशिवाय असा दगड कोण कशाला पुरतंय?"

मग तुम्ही मला चरात उतरवून घेतलंत. एका अंगावर एका टाउनशिपचं, म्हणजे इथल्या जुन्या तालुक्याचं पहिलं अक्षर, दुसऱ्या अंगावर दुसरीचं. जुन्या मोजणीदारांनी घोडागाडीवरून आणून पुरलेला. मी सांगितलं, माझे वडील गावचे कोतवाल होते, मोजणीवाले आले की साखळीचं एक टोक वडिलांच्या हातात असायचं. तुम्ही उठून उभे राहिलात, अंगावरचा बर्फ झटकलात आणि म्हणालात, "म्हणजे आपण एकाच खात्यातले." जन्मभर जमीन मोजलेला, ऑन्टारिओतल्या निम्म्या शेतांचे कोपरे पाठ असलेला माणूस मला एका खात्यातली म्हणत होता.

शाळेचं मी तुम्हाला नंतर सांगितलं. आमच्या गावात चौथीपर्यंतच वर्ग, पुढची शाळा शिवेपलीकडच्या गावात. सातवी झाल्यावर आई म्हणाली, आता मोठी झालीस, शीव ओलांडून एकटीनं जायचं नाही. संपली शाळा. हे ऐकलं की लोक "अरेरे" म्हणतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही वेगळंच केलंत. पिशवीतला दुसरा ब्रश काढून माझ्या हातात दिलात. "डावीकडची बाजू तुमची. फक्त पाणी. साबण नाही, तारेचा ब्रश नाही, नखसुद्धा नाही."

मग दर मंगळवारी आपण जायचो. तुम्ही टाउनच्या हेरिटेज कमिटीचे स्वयंसेवक होता. त्या रस्त्यावरच्या जुन्या दगडांवर लक्ष ठेवायचं काम तुमचं. बाकीचे दगड रस्ते रुंद करताना कधीच गेले होते, काही कुणाच्या बागेत शोभेला जाऊन बसले होते. हा एकच जिथल्या तिथं राहिलेला. त्याला कायद्यानं संरक्षण मिळावं म्हणून तुम्ही अर्ज केला होता, कारण नवीन सबडिव्हिजनसाठी तो रस्ता रुंद होणार होता.

आपण भांडायचोही चिक्कार. मी म्हणायची, "त्या दोन्ही टाउनशिप आता कागदावरनं पण गेल्यात म्हणता. शीवच राहिली नाही, तर दगडाचं काय लोणचं घालायचं?" तुम्ही तापायचा. "अहो शालनताई, तुमच्या नीलेशच्या घराची हद्द मोजत मोजत मागं गेलात तर या दगडापाशी येऊन थांबाल! हा हलला की सगळा हिशोब हवेत." एकदा तुम्ही स्वतःच म्हणालात की या दगडाच्याही आधी इथं लोक होते आणि ही रेघ ओढताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मग असला दगड जपायचा कशाला? तुम्ही ब्रश पाण्यात बुडवलात. मग म्हणालात, "रेघ कुणी ओढली ते तरी दिसावं म्हणून." मला ते पटलं की नाही, अजून सांगता येत नाही. तो वाद अर्धाच राहिला, नाना.

आणि ते तुरुंगाचं. तुम्ही गंमतीत म्हणाला होता, "हद्दीचा दगड मुद्दाम हलवला तर इथं तुरुंग आहे बरं का." तुमची गंमत माझ्या डोक्यात खिळ्यासारखी बसली.

आता खरं लिहायचंय ते लिहिते.

मे महिन्यात तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे वैशालीकडं गेलात. जाताना म्हणालात, "दगडावर लक्ष ठेवा." साधं वाक्य. पण माझ्यावर कुणी असं काही सोपवून गेलं की मला झोप लागत नाही. चौथ्या दिवशी तिथं मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, गुलाबी फिती बांधलेल्या. सहाव्या दिवशी पिवळं मशीन येऊन उभं राहिलं. मी तुम्हाला फोन केला. वैशाली म्हणाली, बाबांना बोलायला मनाई आहे, डोळ्यावर ताण नको. नीलेशला सांगितलं तर म्हणाला, "आई, टाउनचं काम आहे, ते बघतील. तू टेन्शन घेऊ नको."

मी टेन्शन घेतलं.

आमच्याकडं शिवेवरच्या साध्या दगडाला कुणी विचारत नाही. बैलगाडीचं चाक त्यालाच घासतं, पोरं त्याच्यावरच दगड फोडतात. पण त्याच दगडाला एकदा शेंदूर लागला की पाटील असो नाही तर जेसीबीवाला, लांबून वळसा घालून जातो. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. घरातल्या देव्हाऱ्यात मारुतीसाठी गावाकडून आणलेली शेंदराची पुडी होती. सातव्या दिवशी भरदुपारी मी गेले, तुम्ही शिकवल्यासारखा दगड पाण्यानं स्वच्छ धुतला, सुकू दिला आणि तेलात शेंदूर कालवून दोन्ही अंगांना लावला. अक्षरांत बोट घालून घालून लावला. वर दोन पिवळी डँडेलियनची फुलं ठेवली. हात जोडले आणि घरी येऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दोन दिवसांनी कमिटीची माणसं दगड बघायला आली. तुमच्याच अर्जासाठी आली होती. कमिटीची अध्यक्ष ब्रेंडा, उंच, पांढऱ्या केसांची, ती म्हणे दगडासमोर तोंडावर हात धरून उभी राहिली. संध्याकाळी गावाच्या फेसबुक ग्रुपवर फोटो. नीलेशनं फोन माझ्यापुढं धरला. "आई, हे बघ. कुणीतरी स्प्रे पेंट मारलाय. लोक म्हणतायत पोलिसांत द्या."

माझी तव्यावरची पोळी जळाली. नीलेशनं माझ्याकडं बघितलं, मग देव्हाऱ्याकडं बघितलं आणि खुर्चीत बसला.

"आई. तू?"

"स्प्रे नाही रे. शेंदूर हाय."

त्याचं सिटिझनशिपचं अप्लिकेशन गेलेलं होतं. मी त्याच्या आधारानं, आईवडिलांना मिळतो त्या सुपर व्हिसावर आलेली. त्यानं कपाळाला हात लावला. "कुणापुढं एक अक्षर बोलू नकोस. माझी फाइल आत आहे. प्लीज." पोरगा घाबरलेला बघितला आणि मी मान डोलावली.

तुम्ही परत आलात ते डोळ्यावर काळा चष्मा लावून. दगडापुढं उभे राहिलात, वाकून वास घेतलात. मला एकही प्रश्न विचारला नाहीत. पुढच्या आठवड्यात कमिटीच्या बैठकीला मी आणि नीलेश मागच्या रांगेत बसलो होतो. तुम्ही उठलात. इंग्रजीत बोललात. मला दोनच शब्द कळले, माय मिस्टेक. बाकीचं नीलेशनं कानात सांगितलं: नाना म्हणतायत, दगड माझ्या देखरेखीखाली होता, आमच्याकडचा जुना रिवाज आहे, ऑपरेशनला जाण्याआधी मी केलं, चूक माझी. ब्रेंडानं ते निवेदन म्हणून लिहून घेतलं आणि तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही घुटमळलात, "आठवत नाही" म्हणालात आणि खाली बसलात.

पार्किंगमध्ये तुम्ही माझ्यावर जे कडाडलात ते आयुष्यात विसरणार नाही. "चाळीस वर्षं मी दगड जसा आहे तसा ठेवायला शिकलो! आणि तुम्ही तीन आठवड्यांत त्याचा देव केलात?"

"देव नाही केला, नाना. राखण केली."

"राखण! हा चुनखडीचा दगड आहे, शालनताई. तेल पितो तो. आत गेलंय ते!" मग श्वास घेऊन, जरा खालच्या आवाजात, "तेल कुठलं होतं? त्यांनी विचारलं, मला सांगता आलं नाही."

"घरातलंच. कनोला."

तुम्ही गाडीकडं तोंड फिरवलंत. तुमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला रडवलं मी. पुढं होऊन बघते तर तुम्ही हसत होता, चष्मा काढून डोळे पुसत होता. "शेंदूर गावचा, तेल कॅनडाचं. अहो, यांच्या बापजन्मात असला दगड झाला नसेल!" नीलेश गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. तोही हसला. त्या महिन्यात पहिल्यांदा.

पण शिक्षा तुम्हाला झाली. अर्ज लांबणीवर पडला आणि तुम्हाला पत्र आलं की यापुढं टाउनच्या कुठल्याही जुन्या वस्तूला हात लावायचा नाही. ते पत्र तुम्ही फ्रिजवर लोहचुंबकानं लावून ठेवलंत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "माझं प्रशस्तिपत्र." मी एकदा विचारलं, नाना, का केलंत असं? तुम्ही चहा ओतत म्हणालात, "ऐंशी वर्षांच्या माणसाचं नाव खराब होऊन होऊन किती होणार? नीलेशचं अजून सगळं व्हायचंय." मी माफी मागायला तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचा, "साखर कमी पडली का?" असं चार वेळा झालं. चार वेळा मी साखर घेतली.

मग ग्वेल्फहून ती दगड दुरुस्त करणारी मुलगी आली. तिनं पांढऱ्या मातीचा लेप दाखवला. दगडावर थापायचा, प्लॅस्टिकनं झाकायचा, दोन दिवसांनी काढायचा, तेल मातीत उतरतं. कमिटीला मदतीला माणूस हवा होता. तुम्हाला बंदी. ब्रेंडानं माझं नाव लिहून घेतलं. म्हणजे बघा, ज्यानं लावला नाही त्याला हात लावायला मनाई आणि जिनं लावला तिच्या हातात परवानगीचा कागद! सगळा उन्हाळा तुम्ही चराच्या काठावर घडीची खुर्ची टाकून बसायचा. "जाड झाला लेप. धिरडं घालताय का? पातळ करा." मी म्हणायची, "गप बसा, तुम्हाला हात लावायची मनाई हाय." "हात लावायची. तोंडाची नाही." जाणाऱ्या गाड्यांतली माणसं हात करायची. नाना, माझ्या आयुष्यात इतकं सुखाचं दुसरं काम मी केलं नाही. आणि दर वेळी माती सोलून काढताना वाटायचं, हे सुख चोरीचं आहे.

आठ लेप झाले. रंग फिका होत गेला. अक्षरांच्या खाचांत मात्र अजून गुलाबी झाक आहे, ती निघत नाही.

तुम्ही गेलात त्या गुरुवारी सकाळी मी नवव्या लेपाचं विचारायला फोन केला होता. वाजत राहिला. मला वाटलं, वॉशरूममध्ये असाल. नंतर कळलं, तुम्ही खुर्चीतच होता, वर्तमानपत्र मांडीवर. वैशाली म्हणते, त्रास झाला नसणार. मी तिच्यावर विश्वास ठेवते. दुसरं काय करू?

परवा कमिटीची बैठक होती. तुमच्या दगडाचा विषय. सकाळी मी नीलेशला म्हटलं, मला तिथं बोलायचंय.

"आई, नाना गेले. आता काय फरक पडतो?"

"तेच तर. आता त्यांना कुणी विचारणार नाही. जे लिहिलंय ते तसंच राहणार."

"आणि माझी फाइल?"

"ते मला माहीत नाही, बाळा. मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटतीय." हे खरं होतं. 

 संध्याकाळी त्यानं गाडी काढली. वाटेत हीटर माझ्या बाजूला वळवून दिला.

बैठकीत सगळे तुमच्यासाठी मिनिटभर उभे राहिले. मग ब्रेंडानं दगडाची फाइल उघडून वाचायला घेतली. नीलेश कानात सांगत होता: दगडाची उंची, जागा, अक्षरं. नंतर तो थांबला. मी त्याला कोपरानं ढोसलं. तेव्हा म्हणाला, "वाचतायत की स्वयंसेवकानं चुकीचं रंगद्रव्य लावून दगडाचं नुकसान केलं. नानांचं नाव आहे."

मी उठले. नीलेशनं आता माझं बोलणं इंग्रजीत सांगायचं होतं. मी मराठीत म्हटलं, शेंदूर नानांनी नाही, मी लावला. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. मी त्याच्यावर रागावले नाही, नाना. ज्या पोराला मीच सारखं जपून राहा म्हणून वाढवलं, ते असंच होणार. मग लायब्ररीच्या इंग्रजी क्लासात शिकलेलं होतं नव्हतं ते गोळा केलं आणि म्हटलं, "आय पुट. नॉट हिम."

 मग शेजारची खुर्ची सरकली. नीलेश उभा राहिला आणि म्हणाला, "शी इज माय मदर." आणि पुढचं सगळं त्यानं सांगितलं. तुमचं वाक्य, खुंट्या, मशीन, मारुतीची पुडी, शेंदूर लागला की दगडाला कुणी हात लावत नाही ते. कनोलासुद्धा. एकदोघं हसले. ब्रेंडा हसली नाही. तिनं विचारलं, "तुम्ही दगड वाचवायला हे केलं?" मी यस म्हटलं. मग मी पोलिसांचं विचारलं. ती म्हणाली, दगड हललेला नाही, तुमचा हेतू वाईट नव्हता, आमच्याकडून तक्रार जाणार नाही. नीलेशच्या फाइलीचं पुढं काय होईल, ते तिला माहीत नाही आणि मलाही नाही. काल सकाळी दारात टपालवाला दिसला तर आधी पाकिटांवरचे शिक्के बघितले.

कमिटीनं हात वर करून मतं दिली. दगड जागेवरच राहावा, रस्ता त्याला वळसा घालून जावा, अशी शिफारस झाली. कौन्सिलचं अजून व्हायचंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, शिफारशीवर पेढे वाटायचे नसतात.

बैठक संपल्यावर मी ब्रेंडाला म्हटलं, फाइलीतलं नानांचं नाव खोडा. ती म्हणाली, "आम्ही खोडत नाही. जे आलं ते राहतं. तुम्ही तुमचं लिहून द्या, त्याखाली जोडू." मी विचारलं, माझ्या भाषेत चालेल? चालेल म्हणाली, इंग्रजी नीलेश देईल.

तिथंच टेबलावर बसून लिहिलं. या पत्राआधी मराठीत लिहिलेलं माझं बऱ्याच वर्षांतलं पहिलं. दगडाला शेंदूर मी लावला. नानांना तो कधी लावला हेही ठाऊक नव्हतं. ते माझ्यासाठी खोटं बोलले. मी त्यांची माफी मागितली नाही, ती इथं मागते. खाली पूर्ण नाव, वडिलांच्या गावासकट.

ब्रेंडानं कागद घेतला. तुमचं निवेदन वर, माझं खाली, आणि दोन्ही पानं एकत्र टाचली.